हेही पाहा

राहते अंबड लिंक रोडला.
काम: तुटलेल्या लिंका जोडणे.
हा विनोद पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी करून घेतला.
आता उरलंय ते काम.

एकशे अठरा पानं. एका कमांडला एक पान,
पानाच्या तळाशी ‘हेही पाहा’,
आणि पाहायला जावं तर
निम्म्या ठिकाणी कुलूप.

‘जतन’ म्हणतं, तपशिलासाठी ‘परत’ पाहा.
‘परत’ म्हणतं, ते ‘जतन’मध्ये आलंच आहे.
दोन कारकून, दोन खिडक्या,
आणि माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभा.

एका पानावर वाक्य होतं: ‘वर सांगितल्याप्रमाणे’.
वर काहीच नव्हतं.
तो परिच्छेद तीन वर्षांपूर्वी कुणीतरी
दुसऱ्या फाईलीत नेऊन ठेवला
आणि हे तसंच बोट वर करून उभं.
आमच्याकडे पत्ता सांगतात ना, थिएटरसमोरून वळा.
कुठलं थिएटर?
ते पाडलं हो. पण त्याच्या समोरून.

मी ‘वर’ आणि ‘खाली’ दोन्ही शब्द बंद केले.
ज्याच्याकडे पाठवताय त्याचं नाव लिहा, म्हटलं.
तन्वीर म्हणाला, एवढं कशाला, लोक शोधतात की.
रात्री दोनला सर्व्हर पडल्यावर
जो पान उघडतो तो शोधत नसतो, तन्वीर.
तो अंधारात भिंत चाचपत असतो,
बटण होतं तिथेच असेल म्हणून.

मार्गशीर्षात बाबांना घेऊन रामकुंडावर गेले.
तांब्यातून.
दुतोंड्या मारुतीच्या पावलांशी जेमतेम पाणी,
एक तोंड मागे, एक पुढे, दोन्ही कोरडी.
उपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव, मग आजोबा.
पुंजा म्हणताच
लाल फडक्यातली लांबोडकी वही सुटली
आणि कुठलाही शोध न चालवता
त्यांचं बोट नेमकं पानावर.

आजोबांचा अंगठा. त्याखाली बाबांचं अक्षर,
एकोणीसशे एक्याण्णव:
रंगनाथ पुंजा वारुंगसे, मुक्काम नायगाव, तालुका सिन्नर,
हल्ली नाशिकरोड, प्रेसमध्ये नोकरी.
शेवटी, त्याच शाईत:
‘कन्या एक. पाहा सासरकडील वही.’

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. चौथीत.

ती वही कधी लिहिलीच गेली नाही.
तेहतीस वर्षं बाबांची ओळ
नसलेल्या पानाकडे पाठवत राहिली
मला विचारत येईल त्याला.
आमच्या धंद्यात ह्याला लोंबता दुवा म्हणतात.
दिवसाला असे चाळीस बघते.
हा बघितला आणि जरा पायरीवर बसले.

म्हटलं, हे दुरुस्त करायचंय.
जुनं खोडत नाही आम्ही, उपाध्ये म्हणाले.
आम्हीही नाही, मी म्हटलं.
समासात बोटभर जागा होती.
शैलजा रंगनाथ वारुंगसे. हल्ली अंबड लिंक रोड.
धंदा लिहा, म्हणाले.
पेन थोडा वेळ हवेत.
मग लिहिलं: पानं जोडते.
त्यांनी शाईवर फुंकर मारली
आणि पुढच्या माणसाला गाव विचारलं.

आज संध्याकाळी तपासणी चालवली.
सहाशे बेचाळीस दुवे.
पडद्यावर काहीच उमटलं नाही.
नव्या माणसाला वाटतं, अडकलं.
पण ह्या कमांडांची रीतच ही,
बिनसलं तर बोलतील,
जमलं तर नुसती पुढची ओळ देतील, कोरी.
बाबा माझं प्रगतिपुस्तक असंच परत द्यायचे,
सही करून, घडी घालून.

खालच्या मजल्यावर कुकरची तिसरी शिट्टी झाली.
सगळं नीट आहे हे कळत होतं.
तरी मी ती पुन्हा एकदा चालवली.