अर्थिंग

दुपारी दीडला एरिवाल्दो गाडी घेऊन आला,
टपावर चार भोंगे, मागे दोन काळे डबे,
आणि म्हणाला, पाचला झुल्मीराबाईंची अंत्ययात्रा,
चारपासून गावभर पुकारायचंय.
तेवढी शिट्टी घालव.

ती शिट्टी अख्ख्या किशादाला ठाऊक होती.
गाडी उभी असली की डासाएवढी,
ॲक्सिलरेटर दाबला की चढत जायची, चढत जायची
थेट "कळविण्यास अत्यंत दुःख होते"च्या डोक्यावर.
गॅसची टाकी, औषधांवर सूट, बारसं, मरण,
सगळ्या बातम्यांना तीच एक सासू.

मी सीट उपटली.
आत चार ॲम्प्लिफायर,
चार वर्षांत चार उधाऱ्यांवर घेतलेले,
आणि ज्याचं त्यानं आपापलं जोडून घेतलेलं.
एकाची अर्थिंग सीटच्या बोल्टला,
दुसऱ्याची दाराच्या बिजागरीला,
तिसऱ्याची रंगावरच. रंगावर!
चौथ्याची, देवाशपथ, जॅकच्या हुकाला.
वडाची साल पिंपळाला, वरून पिवळी टेप.
आणि बॅटरीपाशी फ्यूज?
"होता," एरिवाल्दो म्हणाला, "सारखा उडायचा."

माझ्या बापानेही एकदा असाच फ्यूज काढला होता.
त्याचा डावा हात तुम्ही पाहिलेला नाही.
त्याच हातात लिंबू धरून तो कोपऱ्यात कापत बसला होता.
कानांनी आता काही येत नाही त्याला;
तीस वर्षं भोंग्यांशेजारी काढल्यावर काय येणार?
मी उघडी केबल वर धरून दाखवली.
त्याने सुरी थांबवली, एवढंच.

मग सगळं तोडलं.
बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज. आधी तो, बाकी नंतर.
तिथून अंगठ्याएवढी लाल केबल दाराच्या उंबऱ्याखालून,
पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबराची बाही घालून.
मागे पितळी ठोकळा, एक आत, चार बाहेर,
चौघांना चार धाकटे फ्यूज.
आवाजाची वायर नेली गाडीच्या दुसऱ्या कुशीने;
विजेशेजारी निजली की ती विजेचंच बरळते.
आणि ती बारीक निळी,
जिच्यात ना गाणं ना ताकद,
जी चौघांना फक्त म्हणते, उठा,
तिला मी नेहमी शेवटी जोडते.

राहिली अर्थिंग.
चार काळ्या वायरी, आखूड, एका मापाच्या,
एकाच बोल्टाखाली.
जागा बापाने दाखवली, सुरीच्या टोकाने.
ग्राइंडर फिरवला. आधी पांढरा रंग उडाला,
त्याखाली कुठल्याशा बेकरीचं अर्धं नाव,
त्याखाली राखाडी,
मग उघडा पत्रा, पाहवेना इतका लख्ख.

साडेतीन. चावी.
एरिवाल्दोने ॲक्सिलरेटर दाबला. पुन्हा दाबला.
"मेले का चौघं?"
शांतता त्याला ओळखताच येईना.
बापाने टपावर तळहात ठेवला, डोळे मिटले,
आणि बहिरी माणसं बोलतात तसा ओरडला,
"इंजिन! नुसतं इंजिन!"

ही झुल्मीराबाई म्हणजे शिवणकामवाली,
खिडकीतून या गाडीवर परातभर पाणी फेकायची ती.
तिचं नाव त्या दिवशी गल्लीगल्लीतून गेलं,
स्वच्छ, अक्षर न् अक्षर वेगळं,
आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा तो खडक आहे ना गावाबाहेर,
त्यावर आपटून तितकंच स्वच्छ परत आलं.

पाचला कबरीपाशी अकरा माणसं.
बाकीचे रात्री कळवळून सांगत होते,
आम्हाला वाटलं कुणाचा तरी रेडिओ.
शिट्टी ऐकू आली नाही,
म्हणून दारात कुणी आलंच नाही.

सकाळी एरिवाल्दो पुन्हा हजर, टोपी हातात.
"थोडीशी," तो म्हणाला, "अगदी थोडीशी
परत घालता येईल का?"
काय म्हणतोय, बापाने खुणेने विचारलं.
मी ओठ हलवून सांगितलं.
तो इतका हसला की लिंबू गडगडत
गाडीखाली गेलं.

मी नाही म्हणाले.
मजुरी सोडली.
फ्यूजचे पैसे मात्र घेतले, पाचही फ्यूजचे.