रुमालाखाली

"मानसशास्त्रच का?" त्यांनी विचारलं.
तीन खुर्च्या, एक पंखा, माझी फाईल.
मी पाठ केलेलं बोलले. आवड, समाज, गरज.
अनुभवाच्या रकान्यात होतं:
केसपेपर खिडकी, सिव्हिल हॉस्पिटल, सांगली. सहा वर्षं.

रकान्यात मावलं नाही ते असं.
आप्पा मार्केट यार्डात अडत्याकडं दिवाणजी.
हळदीचा सौदा तेव्हा रुमालाखाली व्हायचा,
घेणाऱ्याचा हात, देणाऱ्याचा हात,
बोटं दाबून भाव,
आणि तोंडावर काही नाही,
जणू दोघं मिरजेच्या एसटीची वाट बघत उभे.
रात्री जेवणं झाली की आप्पा
माझ्या हातावर पंचा टाकायचे. "सांग, किती?"
नखं त्यांची दिवाळीच्या अंघोळीनंतरही पिवळीच.
पहिल्या दाबाला मी सांगायची.
चुकायची नाही.

खिडकीत चार प्रश्न असायचे. नाव, वय, गाव, काय होतंय.
शेवंता लेंगरे, अडतीस, कवलापूर. डोकं दुखतंय.
पुढच्या मंगळवारी पुन्हा. डोकं.
एकदा सुट्टे पैसे विसरून गेली, एकदा पिशवी,
एकदा नुसती उभी राहिली, मागचे ओरडेपर्यंत.
मला कळत होतं. मी लिहिलं, डोकेदुखी.
सात मंगळवार लिहिलं.
आठव्याला ती आली नाही,
रांग एका माणसानं पुढं सरकली.
पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही.
अजूनही नाही.

मग पोस्टानं आलेली एम.ए.ची पुस्तकं,
रात्रपाळीत, खराब केसपेपरच्या पाठीवर काढलेल्या नोट्स.
एम.फिल.ला दोनदा नाव लागलं नाही.
तिसऱ्यांदा धारवाड.
मी वर्गात शिरले तशी पोरं उठून उभी राहिली,
त्यांना वाटलं, मॅडम आल्या.
चौतीस वय, नवीन दप्तर, तोडकं कन्नड.
वॉर्डात एका म्हातारीनं कपाळाला हात लावला:
"तलेनोवु."
मी लिहायला घेतलं, आणि पेन तिथंच राहिलं.

हिरेमठ मॅडम एकदा म्हणाल्या,
"तू फार लवकर ओळखतेस. ते चांगलं नाही.
ओळखलेलं गिळायला शीक.
त्यांना सांगू दे, त्यांच्या तोंडानं, चुकीचं का असेना."
दोन वर्षांत मी बाकी काय शिकले असेन ते असेन,
हे मात्र शिकले:
पहिल्या दाबाला भाव बोलायचा नाही.

आता विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर, दोन खोल्या.
लोक हातात आधार कार्ड धरून जिना चढतात,
कुणी ओळखीचं भेटलंच तर असावं म्हणून.
पहिली दहा मिनिटं पुष्कळजण
शेजाऱ्याच्या आजाराबद्दल बोलतात.
मी शेजाऱ्याची चौकशी करते.

आणि आप्पा.
सौदे स्क्रीनवर गेले तसे घरी बसले.
आधी दाढी थांबली, मग रेडिओ,
मग माझ्याकडं बघायचे ते गिऱ्हाइकाकडं बघावं तसं.
"आप्पा, बोला की." मी, भिंतीवर सर्टिफिकेट असलेली.
घरच्या माणसाला आपण घ्यायचं नसतं, नियम आहे.
एका रात्री नियम मोडून मी पंचा घेऊन बसले.
त्यांनी हात दिला. निमूटपणे.
बोटं होती.
दाब नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिरजेत नदाफांना फोन केला.
बाहेरच्या बाकावर मी पहिल्यांदाच बसले.
पन्नास मिनिटं फार मोठी असतात,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
आप्पा आले. डोळे पुसलेले, टोपी हातात.
मी शिकलेली सगळी विद्या रिक्षात विसरले:
"काय बोललात?"

विजयनगरपर्यंत गप्प.
मग तोंडावर काही न दाखवता म्हणाले,
"तुमच्या धंद्यातबी
भाव उघडा करत न्हाईत म्हणं."