मालकाचा दाखला

शलाकाचा फोन आला तेव्हा लिलाव संपत आला होता.
हर्णैच्या वाळूवर सुरमईचे शेवटचे चार नग
आणि कावळ्यांची घाई.
"बाबा, झालं. पीआर आलं."
मी म्हटलं, काय आलं?
"कायमचं. आता कुणी जा म्हणणार नाही."

माशांच्याच कारखान्यात आहे ती, कॅनडात.
कोलंबी नव्हे, शेवंडी. थंड पाण्यातल्या, हातभर.
पांढरा डगला घालते, तापमान लिहिते.
हातांना वास येतोच म्हणाली,
तेवढ्यानं मला बरं वाटलं.

साडेतीन वर्षं लागली.
आधी मालकानं जाहिरात द्यायची
की या कामाला इथला माणूस मिळत नाही.
मग खरंच मिळत नाही, हे दाखवायचं.
मग लिहून द्यायचं: ही मुलगी आम्हांला हवी,
आज हवी, पुढंही लागेल.
इकडून शाळेचा दाखला गेला,
त्यात शलाकाची 'शालाका' झालेली,
म्हणून दापोलीला दोन खेपा आणि प्रतिज्ञापत्र.
"मालकानं सही केली का?"
दर रविवारी मी एवढंच विचारायचो,
देवीला कौल लावावा तसं.

फोन ठेवला. मागं टेकबहादूर जाळं आवरत होता.
मे संपत आलेला, होडी वर काढायची,
मग तो निघणार कैलालीला,
दोरीनं आवळलेली बॅग घेऊन,
आणि ऑगस्टात पुन्हा बंदरावर हजर.
दर ऑगस्टात मी त्याला कागद देतो:
सदर इसम टेकबहादूर नेपाळी
माझ्या नौकेवर खलाशी आहे.
हंगामापुरता. चौकीत दाखवायला.
बावीस कागद झाले.
मजकूर तोच, साल तेवढं बदलतो.

जाहिरात मी कधी दिली नाही.
द्यायची कुठं? सगळ्या गावाला ठाऊक आहे
पहाटे तीनला आमची पोरं कुठं असतात.

एकदाच बोलला होता तो.
पाजपंढरीला खोली बघितलीय,
बायकोला आणतो, पोराला इथल्या शाळेत घालतो,
शेठ, एक चिठ्ठी द्या ना,
हा आमच्याकडचाच आहे म्हणून.
मी म्हटलं, बघू.
बघू म्हणायला काही लागत नाही.
समाजात कोण काय बोलेल,
उद्या काही झालं तर नाव माझं,
असं बरंच काही मी स्वतःला सांगितलं.
त्यानं परत विचारलं नाही.
पोरगं तिकडंच मोठं झालं.

त्या रात्री हिशोबाची वही काढली,
मागच्या कोऱ्या पानावर लिहायला बसलो.
टेकबहादूर नेपाळी.
आणि पेन तिथंच.
नेपाळी हे काय आडनाव झालं?
बापाचं नाव काय? गाव कुठलं?
वहीत सगळं होतं. डिझेल, बर्फ,
तुटलेला नांगर, त्याची उचल तारखेसकट,
वादळाच्या साली कपाळाला पडलेले सात टाके,
रुपये चौदाशे, पगारातून वजा.
तो कोणाचा कोण, एवढंच नव्हतं.

सकाळी वाळूवर गाठलं त्याला.
तुझं पूर्ण नाव काय रे?
हातातली सुई थांबली.
"काय झालं शेठ? पोलीस आले?"

नाही रे बाबा, म्हटलं, शलाकाचं काम झालं,
आणि पेढ्याचा पुडा पुढं केला.
त्यानं हात पँटीला पुसले, दोनदा.
"म्हणजे दीदीला आता
दरवर्षी कागद नको?"
हसला. मनापासून हसला,
मला दुसरीकडे बघावं लागलं,
सुवर्णदुर्गाकडे, जिथं बघण्यासारखं नवीन काही नव्हतं.

मग गाठी मारता मारता म्हणाला,
साउद. टेकबहादूर धनसिंग साउद.
मी खिशातला कागद गुडघ्यावर धरला.
साउदमधला उ ऱ्हस्व की दीर्घ?
"तुम्हाला येईल तसा, शेठ.
चालतं."