समुद्राला सऱ्या नसतात

सातुर्निनाने समुद्र कोरला
तेव्हा मी शेजारीच बसले होते, निखारा फुंकत.
किन्वालच्या काडीचा निखारा.
भोपळ्याच्या पाठीला टेकवायचा, फुंकर मारायची, उचलायचा.
जरा जास्त टेकला की भोक.
भाजायचं काम माझं, कोरायचं तिचं,
बोलायचं काम दोघींचंही नाही.

तिने समुद्र पाहिलेला नाही.
साठ वर्षांत ती डोंगर उतरली
ती वांकायोपर्यंत, दाढ काढायला.
पण भोपळे समुद्राकडून येतात.
आमच्या थंडीत वेल धरत नाही,
म्हणून दर मे महिन्यात वेन्सेस्लाओ ट्रक भरून आणतो,
पोत्यांत खुळखुळणारे,
आणि ती एकेक भोपळा कानाशी धरून हलवते:
बी किती, साल किती जाड, आत कीड तर नाही.
मग घासाघीस.
तीस वर्षं तीच घासाघीस.
‘दोन फुटके निघाले, त्यांचे पैसे मी का देऊ?’
‘वाटेत घाट आहे, बाई.’

एकदा तिने विचारलं होतं, समुद्र कसा असतो.
तो नोटा मोजत होता.
म्हणाला, मोठा. आणि एका जागी बसत नाही.

एवढ्या भांडवलावर तिने कोरला.
खालच्या अंगाला नेहमीची माणसं, जोंधळ्याच्या दाण्याएवढी:
वरातीतला बँड, हार्पवाला, लामांचा तांडा,
दारू चढून कुंपणाला टेकलेला नवरदेवाचा काका.
वर, जिथे बाकीच्या बायका डोंगर काढतात,
तिथे पाणी.
पाण्याला सऱ्या.
सरी आणि वरंबा, सरी आणि वरंबा,
आमच्या बटाट्याच्या शेतासारख्या थेट देठापर्यंत,
आणि वरंब्या-वरंब्यावर होड्या,
हातभर अंतर सोडून लावलेल्या.

तीन महिने लागले.
शेवटी इचू गवताची राख चरबीत कालवून मी चोळली,
ओल्या फडक्याने पुसली.
काळं रेघांत राहिलं. पाणी पिवळं धमक.

उत्सवाच्या दिवशी चौकात मांडव.
महापौरांचं भाषण, बिअरचे क्रेट, पिपाण्या,
भोपळ्याची घुबडं, भोपळ्याचे दिवे,
भोपळ्यात मावलेला बाळ येशू, गाढवासकट,
आणि पर्यटकांची नावं तिथल्या तिथे कोरून देणारा
माझा भाऊ, जो ‘जेनिफर’ तीन प्रकारे लिहितो.

लिमाहून आलेल्या परीक्षकाने चष्मा कपाळावर सरकवला.
हात अप्रतिम आहे, म्हणाला,
पण बाई, समुद्राला सऱ्या नसतात.
आणि कागदावर तिच्या नावापुढे
एक गोल काढला:
गुळगुळीत, न कोरलेला, बिनदेठाचा
भोपळा.

पहिलं बक्षीस घुबडाला.

सातुर्निना उकडलेला मका खात होती.
एक दाणा दातातून काढून म्हणाली,
‘मग होड्या उगवतात कशात?’
पुढे त्यावर काही नाही.

ऊन कलल्यावर वेन्सेस्लाओ आला, रिकामा ट्रक लावून.
घुबडांकडे पाहिलं नाही.
हिचा भोपळा उचलला, उलटा केला,
बुडाशी एक फिकट चट्टा होता,
जो तिने कोरलाच नव्हता. त्यावर अंगठा ठेवला.
‘ही जमिनीला टेकलेली बाजू.
विहिरीकडचा वेल. माझ्या बायकोने लावलेला शेवटचा.’
मग सऱ्यांवरून बोट नेलं, हळू,
वर, खाली, वर, खाली,
आणि कानाशी धरून हलवला.
बराच वेळ धरून ठेवला.

‘किती?’

तिने आकडा सांगितला.
मी चमकून तिच्याकडे पाहिलं.

‘अगं, माझाच भोपळा मला विकतेस?
आणि एवढ्याला?’

‘वाटेत घाट आहे,’ ती म्हणाली.

बँडवाले तुताऱ्यांतली थुंकी झटकून
त्या खोक्यांत ठेवू लागले, मांडव उतरला,
कुत्र्यांनी मक्याची कणसं पळवली.
भाव अजून ठरत होता.