मागेल त्याला

खोक्याच्या तळाशी, हमीपत्राच्याही खाली
मुंगीएवढ्या अक्षरांत आम्ही एक वचन छापतो:
आतल्या प्रणालीचा मूळ सोर्स कोड
मागेल त्याला मिळेल, तीन वर्षं, फक्त टपालखर्चात.
पत्ता स्विंडनचा, आमचाच.
कुणी लिहिणार नाही या भरवशावर
छापलेलं वचन.

सिरिल ऑर्मरॉड यांनी लिहिलं.
निळ्या शाईत, नॉर्थम्बरलंडमधल्या कुठल्याशा गावाहून:
सभागृहात तुमची हीटिंगची पेटी आहे,
मागच्या अपडेटपासून तिचं घड्याळ दीड तास मागे.
गुरुवारी विणायला जमणाऱ्या बायका
कोट घालून विणतात,
पेटी तापते तेव्हा त्या सुया आवरत असतात.
दुरुस्ती मी करीन. तुम्ही कोड तेवढा पाठवा.

पहिलं पत्र वकिलांकडे गेलं,
दुसरं चुकून मार्केटिंगला,
त्यांनी उत्तरादाखल सवलतीचं कूपन धाडलं.
तिसरं माझ्या टेबलावर आलं.
ज्याला कुणी नाही त्याला अनुपालन विभाग.

डंकन म्हणाला, थांब जरा,
मार्चमध्ये तीन वर्षं संपतायत.

आणि मी थांबले. खोटं कशाला बोलू,
दोन आठवडे थांबले.

मग एका रविवारी खालच्या मजल्यावरची फिलोमिना
वाटी घेऊन दारात: "विरजण आसा गो?"
दिलं. आत येऊन भांडं झाकताना आठवलं,
हे तरी माझं कुठे?
लेस्टरच्या सुलभाकडून डब्यात, कोचच्या प्रवासात
मांडीवर धरून आणलेलं,
आणि तिला कुणी दिलं ते तिलाही ठाऊक नाही.
फिलोमिनाला मी मुदत विचारली असती का?
लेखी अर्ज मागितला असता?

सोमवारी जुना सर्व्हर उघडला.
ज्यानं पेटी बांधली तो कंत्राटदार लीड्स सोडून गेलेला,
अर्ध्या फायली गायब, उरलेल्या एकमेकींना ओळखेनात.
तीन संध्याकाळी बसले. सफाईवाला दिवे घालवायचा,
मी हात हलवून पुन्हा लावायचे.

घड्याळाच्या फायलीत, अगदी माथ्यावर,
जिथे हात लावणारा प्रत्येक जण नाव ठेवून जातो,
तिथे, आमची कंपनी जन्मायच्याही आधीच्या तारखेला:
लीप वर्षाची चूक काढली. सि. ऑर्मरॉड.

म्हणजे माणूस आपलीच वस्तू मागत होता.
वर टपालखर्च द्यायला तयार.

पत्रात त्यानं हे कुठेही लिहिलं नव्हतं.

डंकनला न विचारता पाठवलं.
सगळं, बांधणीच्या स्क्रिप्टसकट.
सोबतच्या कागदावर "विलंबाबद्दल क्षमस्व" लिहिलं,
मग 'विलंब' खोडून तसंच ठेवलं.

बारा दिवसांनी जाड पाकीट आलं.
आभार दोन ओळींत.
खाली दुरुस्ती, चारच ओळींची:
तुमच्या बाकीच्या पेट्यांनाही लागेल,
परवाना तोच, पैसे नकोत.

डंकननं उलटसुलट करून पाहिलं.
हे कुठे नोंदवायचं, म्हणाला.
तक्रारींचा कप्पा आहे, नोटिसांचा आहे,
परत आलेल्या मालाचा तर मोठा आहे.
असं आपणहून येणाऱ्यासाठी काही नाही.

सध्या माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे,
चहाच्या पुड्यांशेजारी.
चाळीस हजार पेट्या अजून दीड तास मागे.