बोटभर माया

बँकेच्या साहेबांची बदली झाली गुवाहाटीला.
जाताना त्यांनी मशीनच्या टेबलावर टोपली ठेवली,
आत मूठभर पांढरं.
म्हणाले, गयाताई, चिंध्या तुमच्याकडे भरपूर,
त्यातच पडून राहील.
दुधावरून उचलल्यागत रंग, म्हणून नाव साय.

माझ्याकडे मापाची वही आहे.
सेलूतल्या निम्म्या पोरांच्या छात्या तिच्यात आहेत.
कोऱ्या पानावर हिलाही लिहिलं:
नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत अकरा इंच.
गळा पाच.
टेप चावली, तेही लिहिलं.

दिवाळीपर्यंत कानांच्या कडा मळल्या.
ओल्या फडक्यानं पुसल्या, निघेना.
गिऱ्हाईक म्हणायलं, इस्त्रीजवळ निजती, करपली असंल.
मग नाक, मग पंजे, मग शेपूट,
जणू कुणी तिला टोकाटोकानं
चहात बुडवून काढत होतं.

कापडाचं मला कळतं.
खण विटतो, चौकडा विटतो,
काळं साटीन तर दुसऱ्या धुण्याला राख.
दिवसागणिक गडद होत जाणारं कापड
चाळीस वर्षांत माझ्या कात्रीखालून गेलं नाही.

परभणीच्या डॉक्टरांनी उचलली
तशी ती हातात सैल पडली, गाठ सुटल्यासारखी.
ते हसले. या जातीचं नावच रॅगडॉल,
म्हणजे चिंध्यांची बाहुली.
घाई नाही हिला. अंग भरायला चार वर्षं,
रंगही तोवर मुरत राहील,
थंडीनं गडद, उन्हानं फिका.

पौषात ऑपरेशनला पोट भादरलं,
तिथं केस आले ते तपकिरी, चौकोनी,
अगदी ठिगळ.
माझ्या दुकानात असलं काम!
वैशाखभर ती शहाबादी फरशीवर लोळली
आणि ठिगळ आपोआप गेलं.
उसवल्याची खूणसुद्धा नाही.

दुसरं वर्ष सतरा. तिसरं एकोणीस.
गळ्याचं माप केसांत सापडेना, अंदाजे.
चौथ्या दसऱ्याला रफीकभाईच्या भुसारच्या काट्यावर
साडेपाच किलो.
तूर असती तर पैसे झाले असते, म्हणला.

आता साय म्हणून हाक मारावी
तर खरवड येते,
पातेल्याच्या बुडाची, खमंग, दांडगी.
टोपलीत मावत नाही,
पायडलवर पाय ठेवू देत नाही.

ह्याच चार वर्षांत माझी वेणी
उलट्या वाटेनं गेली.
मध्ये कधीतरी, बहुतेक तिसऱ्या जूनमध्ये,
आम्ही दोघी एका रंगाच्या असणार.
लक्ष गेलं नाही. गणवेशांची घाई होती.

गणवेश शिवताना
मी शिवणीच्या आत बोटभर माया सोडते.
पोरांच्या आया विचारतात, एवढी कशाला?
मी म्हणते, असू द्या.

काल तिच्या पानावर साडेएकवीस लिहिलं,
खाली शेवटची रेघ मारायला पट्टी घेतली,
तर ती येऊन वहीवरच निजली,
पुढचे पाय पानाबाहेर,
शेपूट दुसऱ्या कुणाच्या तरी मापावर.