रेंज

फिनिक्समध्ये जुलैत दाराची कडी फडक्याने धरायची असते.
तेवीस दिवस झाले, पारा एकशे दहाच्या खाली आला नाही,
आणि मी एसी दुरुस्त करतो.
छपरांवर. भर दुपारी. गुडघ्यांखाली पुठ्ठा घालून.

म्हणून शुक्रवारी कामावरून सुटलो ते थेट पळालोच, सहाजण,
दोन गाड्या, चार तंबू, तीन भाड्याच्या कयाक,
पिवळ्याधमक, टपावर उलट्या बांधलेल्या.
रोसेंडो म्हणाला, लोक विचारतील, केळी डझनाला केवढ्याची?

रस्ता चढतो तसे निवडुंग मागे राहतात,
मग खुरटी झुडपं, मग एका वळणावर एकदम पाइन.
डेल्फीनने काच खाली केली
आणि कुणीच ‘बंद कर’ म्हणालं नाही.

रात्री शेकोटी नव्हती. वणव्याचे दिवस, काडी ओढायला बंदी.
तरी गोल करून बसलो,
मधोमध बॅटरीचा कंदील,
आणि वेंडेलने सवयीने त्यावर हात शेकले.
हसून हसून पुरेवाट.
मग खरंच थंडी वाजली,
आणि ती वाजतेय हे एकमेकांना सांगण्यातच
अर्धी रात्र गेली.

सकाळी तळ्यावर वाफ.
माझी कयाक जागच्या जागी गिरक्या घेत होती.
‘उजवाच हात जोरात मारतोस,’ इत्सेल ओरडली,
‘पाना फिरवणारा माणूस लांबून ओळखू येतो.’
डावा हात मग शिकला, हळूहळू,
काल शाळेत घातलेल्या पोरासारखा.
पाणी इतकं गार की बोटं बुडवली
आणि आठवडाभर चटके खाल्लेली ती बोटं
माझी मलाच परकी वाटली.

दुपारी कड्याकडे चालत निघालो.
वाटेत इत्सेलने प्रत्येकाला एका झाडाशी उभं केलं:
सालीच्या भेगेत नाक घाला.
व्हॅनिला!
सहा मोठी माणसं झाडाला नाक लावून उभी.
कुणी पाहिलं असतं तर?

कड्यावर जमीन संपते.
खाली दोन हजार फूट नुसती हवा,
आणि दक्षिणेला, जिथे आमचं शहर असावं तिथे,
मळकट पिवळा एक पट्टा.
तिथेच खिशात फोन थरथरला.
रेंज. एकच काडी.

ऑपल लिंडक्विस्ट, वय एक्याऐंशी, शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं.
‘घाई नाही रे. सोमवारीच ये.
मी टबात गार पाणी भरून बसलेय. पुस्तक आहे.
पाणीसुद्धा कोमटच येतं म्हणा नळाला.’

मला माहीत होतं. कपॅसिटर गेला असणार.
मुठीएवढी वस्तू, पंधरा मिनिटांचं काम,
आणि माझ्या ट्रकमध्ये तसले चार.

फोन लावला. नवव्या रिंगला उचलला.
‘तिकडे थंड आहे का?’ तिने आधी तेच विचारलं.
काय सांगणार? मी फोन वाऱ्यात धरला,
हात लांब करून, कड्याच्या बाहेर.
परत कानाला लावला तेव्हा
ती अजून ऐकत होती.

कुणाला काही बोललो नाही. तंबूही तसाच ठेवला.
ट्रकचं दार उघडलं तर रोसेंडो आधीच आत,
मांडीवर सँडविचची पिशवी.
‘एकट्याने उतारावर झोप लागते,’ म्हणाला.

उतरताना काट्यावरचे आकडे चढत गेले:
एकोणसत्तर. ब्याऐंशी. त्र्याण्णव.
गावात शिरलो तेव्हा रात्रीचे साडेदहा आणि एकशे सहा.
काच आम्ही शेवटच्या पाइनपर्यंत उघडी ठेवली होती,
मग तो रोसेंडोच म्हणाला, लाव आता.

छपरावर चौदा मिनिटं.
रोसेंडो टॉर्च धरून, डास मारत.
पंखा आधी कण्हला, मग फिरला.

ती दारात उभी होती, केस ओले, बोटं सुरकुतलेली.
पैशांचं बोलू लागली, मी नको म्हणालो,
मग माझी बाही धरून जवळ वाकली.
‘हा कसला वास रे? केक?’

रोसेंडो माझ्याकडे बघायला लागला.
मी सांगायला तोंड उघडलं,
आणि झाडाचं नावच आठवेना.